पेडिग्री, रॉयल कॅनिन की घरचं चिकन-भात? ३० किलोच्या लॅब्रॅडॉरच्या जेवणाचा हिशोब

आपल्याकडे दुकानात जाऊन लोक "पेडिग्री द्या" म्हणतात आणि हातात भलत्याच कंपनीची पिशवी घेऊन बाहेर पडतात. कुत्र्याच्या कोरड्या खाद्याला ते नावच पडलं आहे. त्यामुळे निवड बहुतेक वेळा दुकानदाराच्या हातात जाते, किंवा पिशवीवरच्या तुकतुकीत कुत्र्याच्या फोटोच्या. हे परीक्षण पिशवीच्या मागच्या बाजूचं आहे. समोर आहे एक ठरावीक कुत्रा: ३० किलोचा, नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास फिरणारा प्रौढ लॅब्रॅडॉर. पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्ये सगळ्यात जास्त वजन वाढलेला दिसतो तो हाच. त्यात सगळा दोष मालकाचा नसतो. २०१६ साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलं की जवळजवळ चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो आणि अशा कुत्र्याला भूक जास्त लागते. तेव्हा "तो मागतोय म्हणजे उपाशी असेल" हा अंदाज लॅबच्या बाबतीत सरळ चुकतो. त्याचं जेवण त्याच्या डोळ्यांकडे बघून ठरवायचं नाही, वजनकाट्यावर ठरवायचं.

आधी दिवसाची गरज काढू. मोबाईलवरचा कॅल्क्युलेटर पुरे. वजन तीनदा गुणा (३० × ३० × ३० = २७,०००), वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा (१२.८ येतात), त्याला ७० ने गुणा. सुमारे ९०० किलोकॅलरी झाल्या, ही पडून राहिलेल्या कुत्र्याची गरज. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी याला १.४ ते १.६ ने गुणतात. फ्लॅटमधल्या लॅबसाठी १.४ च धरा, म्हणजे दिवसाला १,२५० किलोकॅलरी. इथून पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर आहे. हा सुरुवातीचा आकडा आहे. दोन कुत्र्यांत तो वीस-पंचवीस टक्के सहज इकडेतिकडे होतो आणि दर पंधरा दिवसांनी वजन करून दुरुस्त करावा लागतो.

आता पिशव्या. पेडिग्री अ‍ॅडल्ट चिकन अँड व्हेजिटेबल्स ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येही मिळणारी पिशवी. मागे छापलेलं असतं: प्रथिनं किमान २० टक्के, मेद किमान १०, तंतू कमाल ५, पाणी कमाल १२. घटकांच्या यादीत पहिलं नाव तृणधान्यांचं, चिकन त्यानंतर. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, म्हणजे या पिशवीत चिकनपेक्षा धान्य जास्त आहे. हे वाचून दचकायचं कारण नाही. कुत्रा माणसाच्या सोबतीला राहून शिजलेला पिष्ट पचवायला शिकला आहे आणि लांडग्यापेक्षा त्याच्यात पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात. प्रश्न धान्य आहे की नाही हा नसून प्रथिनं पुरेशी पोचतात की नाही हा आहे.

ते बघायला पाणी वजा करावं लागतं. १०० ग्रॅममधून १२ ग्रॅम पाणी गेलं की ८८ ग्रॅममध्ये २० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे कोरड्या हिशोबाने २२.७ टक्के. अमेरिकेच्या आफ्को या संस्थेची प्रौढ कुत्र्यासाठीची किमान मर्यादा १८ आहे. पास, पण काठावरून फार लांब नाही. ऊर्जा छापलेली नसेल तर अशी काढा: प्रथिनांचे टक्के गुणिले ३.५, मेदाचे गुणिले ८.५, आणि उरलेला पिष्ट (१०० मधून प्रथिनं, मेद, तंतू, पाणी आणि राखेचे, म्हणजे खनिजांचे, साधारण ७-८ वजा करून) गुणिले ३.५. या पिशवीचे १०० ग्रॅमला सुमारे ३१२ येतात. आपल्या लॅबला रोज ४०० ग्रॅम लागतील आणि त्यातून ८० ग्रॅम प्रथिनं मिळतील. तब्येतीने ठणठणीत असलेल्या प्रौढ कुत्र्याला हे चालतं, आणि वर्षानुवर्षं चालतं. कमीपणा दोन ठिकाणी जाणवतो. शी जास्त होते, कारण तंतू जास्त आणि एकूण घालावं लागणारं वजनही जास्त. आणि कुत्रा बारीक करायचा असेल तेव्हा हात आखडला की प्रथिनंही आखडतात.

रॉयल कॅनिन मॅक्सी अ‍ॅडल्ट २६ ते ४४ किलोच्या, १५ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या कुत्र्यांसाठी आहे. प्रथिनं २६, मेद १७. वरच्या सूत्राने १०० ग्रॅमला ३६५ किलोकॅलरी, म्हणजे आपल्या लॅबला ३४० ग्रॅमच्या आसपास. शी घट्ट आणि थोडी, दाणा मोठा, त्यामुळे न चावता गिळणं अवघड जातं. धावणाऱ्या, शेतावर मोकळ्या राहणाऱ्या कुत्र्याला हे खाद्य छान आहे. फ्लॅटमधल्या लॅबला मात्र ते आम्ही पहिल्या पसंतीचं म्हणणार नाही, कारण इथे मापातली चूक महाग पडते. जुन्याच वाटीने ४०० ग्रॅम घालत राहिलात तर रोज २०० किलोकॅलरी जास्त गेल्या, दोन तूप लावलेल्या पोळ्यांइतक्या. सहा महिन्यांत कंबर गायब.

त्याच कंपनीचं लॅब्रॅडॉर रिट्रीव्हर अ‍ॅडल्ट हे वेगळं प्रकरण आहे. प्रथिनं ३०, मेद १३. दाणा मधे भोक असलेल्या कड्यासारखा, हावरटपणे गिळणाऱ्याचा वेग कमी व्हावा म्हणून. जातीच्या नावाच्या पिशव्या बऱ्याचदा नुसत्या विक्रीच्या क्लृप्त्या वाटतात, पण इथे आकड्यांतच फरक आहे. १०० ग्रॅमला ३४० च्या आसपास ऊर्जा, दिवसाला साधारण ३६५ ग्रॅम, त्यातून ११० ग्रॅम प्रथिनं. खरी किंमत कळते ती वजन उतरवताना. ३४-३५ किलोच्या लॅबला ३० वर आणायचं तर ३० किलोच्या हिशोबाने ९०० किलोकॅलरीच द्यायच्या. पेडिग्रीचे २८५ ग्रॅम बसतात आणि प्रथिनं ५७ ग्रॅमवर येतात. या पिशवीचे २६० ग्रॅम बसतात आणि प्रथिनं ७८ ग्रॅम राहतात. चरबी जावी आणि स्नायू टिकावेत यासाठी हा फरक मोलाचा आहे. फार जास्त वजन उतरवायचं असेल तर मात्र पशुवैद्याकडून वजन कमी करण्याचं खास खाद्यच घ्यावं, नेहमीचं खाद्य नुसतं कमी करत गेलं तर जीवनसत्त्वं आणि खनिजंही त्याच प्रमाणात कमी होतात.

जाता जाता: पेडिग्री आणि रॉयल कॅनिन ही दोन्ही नावं आज मार्स या एकाच कंपनीची आहेत. एक स्वस्त म्हणून वाईट आणि दुसरं परदेशी डॉक्टरांचं म्हणून चांगलं, अशी सरळ रेघ मारता येत नाही.

किमतीचं गणित किलोवर करू नका, दिवसावर करा. समजा एक खाद्य ३०० रुपये किलो आहे आणि रोज ४०० ग्रॅम लागतं: १२० रुपये. दुसरं ३५० रुपये किलो आणि रोज ३४० ग्रॅम: ११९ रुपये. दुकानात पन्नास रुपयांनी महाग दिसणारी पिशवी वाडग्यात त्याच भावाने पडली. तिसरी चारशेची असेल तर फरक खरा आहे, आणि मग तो परवडतो का हे ज्याचं त्याने बघावं. अर्थात हे गणित वजन करून घालणाऱ्यालाच लागू पडतं. वाटीने घालणाऱ्याला कुठलंच खाद्य स्वस्त पडत नाही.

घटकांच्या यादीतली एक गोम सांगायला हवी. पहिलं नाव "ताजं चिकन" असेल तर त्यातलं सत्तरेक टक्के पाणी असतं. दाणे वाळल्यावर त्याची जागा बरीच खाली जाते. उलट "वाळवलेलं चिकन" किंवा "चिकन मील" हे पाणी काढून घट्ट झालेलं असतं, त्यामुळे यादीत दुसरं असूनही जास्त प्रथिनं देऊ शकतं. आणि तांदूळ, तांदळाची कणी, मका, मक्याचं ग्लुटेन अशी चार नावं वेगवेगळी लिहिली की प्रत्येकाचं वजन थोडं दिसतं आणि चिकन वर सरकतं. बेरीज आपण करायची. हाच गैरसमज ग्रेव्हीच्या पाऊचबद्दल उलट दिशेने होतो: ८ टक्के प्रथिनं वाचून लोक नाक मुरडतात, पण ८० टक्के पाणी काढल्यावर तीच ४० टक्के भरतात. अडचण दुसरीच. ७० ग्रॅमच्या अशा पाऊचमध्ये ऊर्जा साठच्या आत, आपल्या लॅबला दिवसाला वीसहून अधिक पाऊच लागतील. दाण्यांवर चव म्हणून एखादं घाला आणि तेवढे दाणे काढून घ्या.

"ग्रेन फ्री" पिशव्या आता मोठ्या दुकानांत वेगळ्या फळीवर दिमाखात असतात. धान्य काढलं की त्याच्या जागी वाटाणा, मसूर, हरभरा किंवा बटाटा येतो, पिष्ट काही जात नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ च्या जुलैमध्ये अशा खाद्यांचा हृदयाचे स्नायू पसरट होण्याच्या विकाराशी संबंध असू शकतो म्हणून चौकशी सुरू केल्याचं जाहीर केलं. कार्यकारण अजून ठाम सिद्ध झालेलं नाही. गव्हाची किंवा मक्याची ॲलर्जी डॉक्टरांनी खात्रीने सांगितली असेल तरच त्या फळीकडे वळावं. लॅब खाजवतो म्हणून लोक आधी धान्य बंद करतात. गोचीड, पिसवा आणि हवेतल्या गोष्टींची ॲलर्जी ही कारणं जास्त वेळा सापडतात. अन्नाचीच शंका असेल तर आठ आठवडे आधी कधी न खाल्लेल्या एकाच प्रथिनावर, बिस्किटाचा तुकडासुद्धा न देता ठेवल्याशिवाय काही कळत नाही.

आता घरच्या जेवणाचं परीक्षण, कारण आपल्याकडे बहुतेक कुत्री अजून घरचंच खातात. दूध-पोळी ही त्यातली सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कच्ची थाळी. अनेक प्रौढ कुत्र्यांना दुधातली साखर पचत नाही, त्यामुळे शी पातळ. पोळीवरच जगणाऱ्या कुत्र्याला प्रथिनं जेमतेम, आणि गव्हातल्या फायटेट नावाच्या द्रव्यामुळे जस्त नीट शोषलं जात नाही. डोळ्यांच्या कडेला, तोंडाभोवती, पंजाच्या गाद्यांवर खपल्या धरू लागल्या की जस्ताची आठवण ठेवून डॉक्टरांना दाखवावं. दही-भात, वरण-भात पोट बिघडल्यावर दोन दिवस ठीक, रोजचं जेवण म्हणून अपुरे. आणि आमटीतला कांदा-लसूण तर नकोच. कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. एका वेळी भरपूर खाल्ला तरी, रोज थोडा थोडा गेला तरी. फोडणी घालण्याआधी त्याचं वरण बाजूला काढलं तरच ते त्याचं.

चिकन-भात नीट जमवला तर उत्तम. आपल्या लॅबसाठी दिवसाचं माप: साल आणि हाडं काढलेलं कच्चं चिकन ३५० ग्रॅम, कच्चा तांदूळ १६० ग्रॅम, अंडी २, लाल भोपळा आणि गाजर मिळून १५० ग्रॅम, तेल १० मिली. ऊर्जा साडेबाराशेच्या किंचित वर, प्रथिनं नव्वदच्या पुढे. चिकन आणि भाज्या कमी पाण्यात शिजवा आणि ते पाणी फेकू नका, त्यात काही जीवनसत्त्वं उतरलेली असतात. तांदूळ माणसांपेक्षा मऊ. तेल शेवटी, गार झाल्यावर.

इथपर्यंत सगळेच करतात, आणि इथेच थांबतात. चूक तीच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. ते बाहेरून घातलं नाही तर शरीर हाडातून काढतं. आपल्या कुत्र्याला दिवसाला दीड ग्रॅमच्या वर कॅल्शियम हवं, ते अंड्याच्या कवचाच्या ४ ग्रॅम पुडीत मिळतं. कवचं धुवा, दहा मिनिटं उकळा, मंद तव्यावर खडखडीत वाळवा, मिक्सरमध्ये रांगोळीसारखी बारीक करा. चमचा सपाट की डोंगर यावर फरक पडतो म्हणून पहिल्यांदा तरी काट्यावर तोला. आठवड्यातून एकदा पन्नासेक ग्रॅम कोंबडीची कलेजी, म्हणजे तांबं आणि अ जीवनसत्त्व. रोज नको, अ जीवनसत्त्व साठत जातं. कोकण-गोव्याकडे तारली किंवा बांगडा स्वस्त असतो तेव्हा आठवड्यातून दोनदा चिकनच्या जागी उकडून, काटे काढून द्या, त्वचेला आणि सांध्यांना त्यातलं तेल चांगलं. कच्ची तारली देऊ नका, त्यात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं द्रव्य असतं. सुकट आणि खारवलेले मासे मिठामुळे बाद.

एवढं करूनही जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व कमी पडतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकीय शाळेने २०१३ साली घरगुती खाण्याच्या २०० पाककृती तपासल्या, त्यातल्या ९५ टक्क्यांत किमान एक तरी आवश्यक घटक कमी निघाला. म्हणून घरच्या जेवणाला कुत्र्यांसाठीचं संपूर्ण जीवनसत्त्व-खनिज मिश्रण लागतंच, आणि ते कुठलं व किती हे आपली पाककृती दाखवून पशुवैद्याकडून ठरवून घ्यावं. नुसतं मल्टिव्हिटॅमिन सरबत ते काम करत नाही. हे सगळं रोज तोलून करायची तयारी असेल तर घरचं जेवण आमच्या यादीत कुठल्याही पिशवीच्या बरोबरीला. तयारी नसेल तर साधी पेडिग्रीची पिशवी अर्धवट घरच्या जेवणापेक्षा कुत्र्याला जास्त न्याय देते.

हे सगळं प्रौढ कुत्र्याचं. लॅब, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेनच्या पिल्लाला यातलं कुठलंच माप लावू नका. पिल्लाला मोठ्या जातीच्या पिल्लांचं, म्हणजे लार्ज ब्रीड पपीचं खाद्य द्या आणि वर कॅल्शियमचं सरबत देऊ नका. ही सवय आपल्याकडे इतकी रुळली आहे की खाद्याच्या पिशवीसोबत बाटली आपोआप येते. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू जास्तीचं कॅल्शियम आतड्यात अडवू शकत नाही, येईल तेवढं शरीरात घेतं. हाडांची वाढ बिघडते, पाय वाकतात, आणि मग "कॅल्शियम कमी पडलं" म्हणून बाटली दुप्पट होते. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या खाद्यात कॅल्शियम कोरड्या हिशोबाने १.२ ते १.८ टक्के असावं. पिशवीवर ते छापलेलं नसेल तर ती पिशवी पिल्लासाठी घेऊ नका.

खाद्य बदलताना आठवडा घ्या. दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस अर्धं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण. एका दिवसात बदललं आणि जुलाब झाले की दोष नव्या खाद्याला लागतो. खाऊ दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या भागात, म्हणजे लॅबला १२५ किलोकॅलरी, आणि तेवढे दाणे कमी करून. चहासोबतचं एक ग्लुकोज बिस्किट साधारण २५ चं. घरात चार माणसं असतील आणि प्रत्येकाने एक दिलं तर दिवसाचा खाऊ सकाळी आठलाच संपत आला. त्याऐवजी काकडी, गाजर, उकडलेल्या घेवड्याच्या शेंगा. रविवारच्या मटणातली चरबी आणि नळी अजिबात नको. चरबीने स्वादुपिंडाला सूज येते, शिजलेलं हाड चिरफळ्या होऊन आतड्यात रुतू शकतं. शिऱ्यातला बेदाणा, द्राक्षं आणि चॉकलेट तर कणभरही नको.

महिन्याने पारख करा. फासळ्यांवर हात फिरवला की न दाबता मोजता आल्या पाहिजेत, वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. ही कसोटी लॅबची. कारवान किंवा मुधोळच्या हाउंडच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात आणि ते त्याचं योग्य वजन असतं, "बिचारा वाळलाय" म्हणून त्याला लॅबसारखा भरवू नये. केसांची चमक मात्र महिन्यात ठरवू नका, नव्या खाद्याचा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे जातात.

शेवटी खरेदी आणि साठवण. दुकानात उघड्या गोणीतून तोलून दिलेलं सुटं खाद्य घेऊ नका, मग ते कितीही नावाजलेल्या कंपनीचं असो. त्यावर तारीख नसते, बॅच नसते, आणि दाण्यांवर फवारलेला मेद हवेने खवट होत असतो. पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर ओल धरून बुरशीही लागते, आणि बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष थेट यकृतावर जातं. पिशवी उघडल्यापासून सहा आठवड्यांत संपेल एवढीच घ्या: लॅबला रोज ३६५ ग्रॅम लागतात तर महिन्याला ११ किलो, म्हणजे १० किंवा १२ किलोची पिशवी बरोबर बसते. दहा किलोच्या स्पिट्झसाठी हीच पिशवी स्वस्त म्हणून आणली तर ती दोन महिने उघडी राहते, त्याला ३ किलोचीच आणा. दाणे डब्यात ओतू नका, पिशवीसकट डब्यात ठेवा आणि तोंडाला चिमटा लावा. डब्याच्या तळाशी राहिलेला जुना तेलकट चुरा नव्या खाद्याला लवकर खवट करतो, आणि पिशवी जपली तर बॅच नंबरही हाताशी राहतो. रोज वाढताना एक मूठ नाकाशी धरा. जुन्या तेलाचा किंवा रंगासारखा वास आला तर कुत्रा आवडीने खात असला तरी ती पिशवी बॅच नंबरचा फोटो काढून दुकानात परत न्या.